चारशे सतरा

तिसऱ्यांदा मोजूनही आकडे तेच आले. लाल फीतवाल्या पक्षाला अकरा हजार दोनशे आठ मतं, निळ्या फीतवाल्यांनाही अकरा हजार दोनशे आठ. रात्रभर जागलेल्या क्रीडागृहाच्या खिडक्यांतून सकाळचा करडा उजेड येत होता.

"वादातल्या मतपत्रिका पुन्हा एकदा बघू," निवडणूक अधिकारी हॉवेल म्हणाले. "तरीही बरोबरी राहिली, तर चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागेल."

डिलिस प्रोबर्ट टेबलापाशी आली. अडुसष्ट वर्षांची डिलिस लाल उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून पहिल्यांदाच मोजणीला आत आली होती. तिच्या हातात काळ्या कापडी पुठ्ठ्याची वही होती. गार्वेन खोऱ्यातली एकोणीसशे बावीसपासूनची प्रत्येक निवडणूक त्या वहीत होती. पहिली पानं आजोबांच्या अक्षरात, मग वडिलांच्या, मग तिच्या. दर वेळी विजय लाल फितीचाच. गाढवाला लाल फीत बांधली तरी गार्वेन त्याला पार्लमेंटात पाठवेल, असं खोऱ्यातलीच माणसं हसून म्हणत. बावीस हजारांचं मताधिक्य, मग अठरा. खाण बंद झाल्यावर अकरा, मग चार. आणि आज शून्य.

शेवटच्या रकान्यात बाद मतं असत, कारणासकट. 'मतदार ओळखू येतो' या कारणापुढे खाणकामगारांच्या संपानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत एकच आकडा होता. एक. तिनं एकदा इदवालला त्याबद्दल विचारलं होतं. इदवाल पूर्वी खाणीच्या दिवाघरात दिवे वाटायचा. नंतर तीस वर्षं पक्षाचा प्रतिनिधी तोच होता.

"तोच एक मेला पुन्हा आला होता," इदवाल म्हणाला होता. "दारातूनच हाकलला." सगळे हसले होते. डिलिसनं हसत हसत त्याच्या कपात चहा ओतला होता. गेल्या हिवाळ्यात इदवाल गेला, म्हणून आज ती इथे होती.

एरवी मतदानाच्या दिवशी तिची जागा बाहेर, प्रार्थनाघराच्या पायरीशी. लाल फीत लावून खुर्चीवर बसायचं, मत देऊन येणाऱ्याला त्याच्या कार्डावरचा नंबर विचारायचा आणि टिपून घ्यायचा. म्हणजे आपलं कोण अजून आलं नाही ते कळतं. सगळे नंबर देत, वर थट्टाही करत. "काय डिलिस, अजून लग्नाचं बघत नाहीस का कुणाशी?" विधवा होऊन तिला वीस वर्षं झाली होती.

फक्त एकाचा नंबर ती घेत नसे. ब्रिन रो गल्लीतलं नववं घर. एम्रिस. तो दर वेळी तिच्यासमोर थांबे, टोपी काढे, कार्ड पुढे धरी. ती विणकामातून मान वर करत नसे. थोडा वेळ थांबून तो निघून जाई. घरोघरच्या यादीत त्याच्या नावापुढे ती दार न वाजवताच 'विरोधात' अशी खूण करून टाकी.

तो बारा महिन्यांचा संप सुटायला अकरा दिवस उरले होते, तेव्हा एम्रिस संप मोडणाऱ्यांच्या जाळी लावलेल्या बसमध्ये चढून कामावर गेला. घरात तान्ही पोर होती, कोळसा नव्हता. बसमागे धावत शिव्या देणाऱ्यांत डिलिसही होती. वडील त्याच वर्षी गेले. त्यांच्या शवपेटीला त्याला खांदा देऊ दिला नाही. तेव्हापासून कुणी विचारलं, की ती म्हणे, "मला भाऊ नाही."

हॉवेलनी एकेक मतपत्रिका पुढे सरकवली. एक कोरी. एकीवर दोन फुल्या. एकीवर शिवी. त्या बाद झाल्या, त्यावर वाद नव्हता. मग शेवटची. लाल उमेदवारापुढे मताची ठसठशीत फुली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. ४१७.

"हे काय, घर नंबर?" निळ्या फीतवाल्यांचा प्रतिनिधी फेअरक्लफ म्हणाला. तो शहरातून आलेला तरुण होता. "की घोड्यावर पैसे लावायचे होते?"

"आकडा कुणाचा ते इथे कुणी सांगू शकलं, तर मतदार ओळखू आला म्हणून मत बाद," हॉवेल म्हणाले. "नाहीतर मी ते धरणार. म्हणजे मग एका मतानं निकाल लागतो."

डिलिसच्या डोळ्यांपुढे ४१७ कोरलेला पितळी बिल्ला आला. खाणीत उतरताना तो देऊन दिवा घ्यायचा. लहानपणी दर रविवारी ती तो राखेनं घासून चकचकीत करी. आधी तो वडिलांचा होता. एम्रिस सोळाचा झाला, तेव्हा वडिलांनी तो त्याच्या तळहातावर ठेवला. सातावर आडवी रेघ मारायला दोघांनाही वडिलांनीच शिकवलं होतं. ती रेघ इथेही होती.

दिवाघरातल्या इदवालला खाणीतला प्रत्येक नंबर पाठ होता. अठरा हजारांचं मताधिक्य असताना, नंबर कुणाचा ते सांगून एक मत फेकून देणं त्याला परवडत होतं.

डिलिसनं वही उघडली नाही. त्या रकान्यातले सगळे एक तिला पाठ होते. आठ होते.

"मिसेस प्रोबर्ट," हॉवेल म्हणाले, "तुम्ही इथल्याच. हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे?"

लाल फीतवाल्यांचा उमेदवार गेथिन शाळेत शिकवायचा. लहानपणी तो तिच्याच स्वयंपाकघरात वाढला होता. तो तिच्या कानाशी वाकला. "नाही म्हण, मावशी," तो पुटपुटला. "एवढंच. नाही म्हण."

तो शब्द पस्तीस वर्षं तिच्या जिभेवर तयारच होता.

"आहे," डिलिस म्हणाली. "माझ्या भावाचा आहे."