एकच उशी

सुभद्राचा रविवार पोरीच्या डोक्यात जायचा. नवरा पिंपरीच्या कंपनीत ओव्हरटाइमला गेला, की ती चिखलीतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून वासंतीला गुडघ्यांत आवळायची, केसांना सीताफळाच्या बियांची पूड तेलातून चोळायची आणि फणी फिरवता फिरवता तोंडाचा पट्टा सोडायची, "शाळेतनं उवा गोळा करून आणतीस अन् झोपंत माझ्या डोक्यात सोडतीस!" मायलेकींना उशी एकच होती.

श्रावणात वासंती तापानं गेली. सुभद्रा रडली नाही. कंपनीचा भोंगा व्हायच्या आत नवऱ्याचा डबा भरून द्यायची आणि मग दिवसभर भिंतीला टेकून डोकं खाजवत बसायची.

शेजारच्या सुमनताईंना ते बघवेना. एका रविवारी त्या पूड, तेल आणि फणी घेऊनच आल्या.

"अगं, उवांनी डोकं नुसतं वळवळतंय तुझं. बस अशी माझ्या पुढ्यात, सगळ्या काढून टाकते."

सुभद्रानं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.



"नको ताई. वासंतीच्या हायेत त्या."