घोरणारा पाट

भाविकानं पाट मांडवाच्या कोपऱ्यात ठेवला आणि गुडघे टेकून एकेक वायर पुन्हा दाबून बघितली. पाट म्हणजे खरोखरीचा पाट, आईच्या माळ्यावरचा, फणसाच्या लाकडाचा. त्यावर गिटारचे आवाज बदलणारी पाच पेडलं स्क्रूनं बसवलेली. ती जुनीच. नवा होता तो पाटाखालचा पॉवरचा डबा, प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, आणि पुढच्या कडेची स्विचची पट्टी. पूर्वी एक आवाज बदलायचा तर तीन पेडलांवर पाय नाचवावा लागे. आता एका दाबात काम होत होतं. शेवटचं लाल बटण दाबलं, की सगळं एकदम गप्प.

विचुंब्यातल्या या हळदीत तिची सगळी मदार त्या लाल बटणावर होती.

गेल्या महिन्यात पळस्प्याच्या हळदीत सोनाबाई धवला म्हणायला उभ्या राहिल्या होत्या. नवरीला हळद लागताना धवलारणीनं म्हणायची ती गाणी. दोन ओळी झाल्या नाहीत तोच स्पीकरमधून घूं करून घरघर सुरू झाली, ती थांबेचना. सोनाबाईंनी माइक खाली ठेवला. "त्या पोरीचा पाट घोरतो. जागा झाला का मना बोलवा," म्हणाल्या आणि तडक घरी गेल्या. धवला अर्धाच राहिला आणि नवरीची आई रडली. तेव्हापासून बँजो पार्टीत भाविकाच्या पेडलबोर्डाचं नावच घोरणारा पाट पडलं.

"आज घोरला तर उद्यापासून गिटार घरी," पार्टीचा मालक हरेश तिला टेम्पोतच म्हणाला होता. "निकेशची ढोलकी हाय, माजा बँजो हाय. तेवढा पुरतो आपल्याला." दोष आपलाच, असं भाविकालाही वाटत होतं. म्हणून तर महिनाभर जागून तिनं सगळा पाट उसवून पुन्हा बांधला होता.

ऊन कलायला लागलं. समृद्धी, म्हणजे नवरी, हळदीला बसली. सोनाबाईंनी पदर खोचून माइक हातात घेतला. हरेशनं ॲम्प्लिफायर चालू केला. बँजो आणि गिटार दोन्ही त्या एकालाच जोडलेले.

घूंऽऽऽ.

बायकांच्या माना वळल्या. सोनाबाईंनी भाविकाकडे एकदा बघितलं आणि माइक खुर्चीवर ठेवला.

"बघ," हरेश म्हणाला. रागावलाही नव्हता, नुसता कंटाळला होता. "गुंडाळ ग आता."

भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याची मेहनत अशी सगळ्यांसमोर मातीत. तिनं पाय उचलला आणि लाल बटण दाबलं. पाटावरचे पाचही दिवे विझले.

घरघर चालूच.

क्षणभर तिला कळेना. तिनं बटण पुन्हा दाबलं, दिवे लागले. पुन्हा दाबलं, विझले. घरघरीला त्याचं काही सोयरसुतकच नव्हतं. मग ती उठली, ॲम्प्लिफायरपाशी गेली आणि आपली केबलच उपसून हातात उंच धरली, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही दिसेल अशी.

घूंऽऽऽ.

"हरेशदादा," ती म्हणाली, "मी तर माझं सगळं उपटलंय. मग हे घोरतंय कोण?"

आधी निकेश हसला. मग त्याची नजर बँजोकडे गेली आणि तिच्यामागून अख्ख्या मांडवाची. बँजोची वायर हरेशच्या नव्या, आवाज घुमवणाऱ्या एकोच्या डबीत जात होती, आणि डबीची वायर एका अडॅप्टरमध्ये. बंद पडलेल्या वाय-फायचा अडॅप्टर, तोडून, काळी टेप गुंडाळून जोडलेला. पळस्प्यालाही तोच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

हरेशनं स्वतःच्याच हातानं अडॅप्टर ओढला. घरघर थांबली. मागच्या अंगणात कुणी नारळ खवत होतं, ते ऐकू येऊ लागलं.

खोटं कशाला सांगा, भाविकानं ती शांतता उसाच्या रसासारखी घोट घोट प्यायली. पण एकोशिवाय बँजो कोरडा, हे तिला ठाऊक होतं. हरेश हातात ती मेलेली डबी घेऊन उभा होता, वीस वर्षांचा बँजोवाला, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाविकानं डबी त्याच्याकडून घेतली, तळाशी काय लिहिलंय ते वाचलं, पिशवीतून एक वायर काढली आणि आपल्या पॉवरच्या डब्याच्या सहाव्या, रिकाम्या भोकात खोचली.

"माजा एको? तुज्या पाटावर?" हरेश म्हणाला.

"जागा आहे दादा."

मग आपली केबल परत जोडून लाल बटण दाबलं, तशी पाटाच्या पाच दिव्यांबरोबर डबीचाही दिवा लागला. स्पीकरमधून चकार शब्द नाही.

सोनाबाईंनी खुर्चीवरचा माइक पुन्हा उचलला. त्यांनी धवला म्हटला तो मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला, एकही शब्द न सांडता. समृद्धीच्या गालावर हळद ओली झाली. हात थांबवून बायका ऐकत राहिल्या. भाविकाचा पाय लाल बटणाशेजारी स्थिर होता आणि ऊर आनंदानं भरून आला होता.

धवला संपला. सोनाबाई वळल्या. "तुज्या पाटाला मी उगाच नाव ठेवला ग बाय," त्या माइकमध्येच म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता वाजवा."

निकेशनं ढोलकी मांडीखाली घेतली. आजवर सगळी पार्टी हरेशच्या उचललेल्या हाताकडे बघून सुरुवात करायची. आज हरेश, बँजोवर बोटं टेकवून, भाविकाच्या पायाकडे बघत होता.