सासूबाईंचं गिट

“हे काय आहे, जावईबापू?”

सासूबाईंचं बोट त्याच्या स्क्रीनवर टेकलं होतं. तिथे फोल्डरांची रांग लागली होती. ‘दवाखाना’. ‘दवाखाना नवीन’. ‘दवाखाना शेवटचा’. ‘दवाखाना खरंच शेवटचा’. जनावरांच्या दवाखान्यासाठी तो सॉफ्टवेअर लिहीत होता, त्याच्याच या सगळ्या कॉप्या.

“सवय आहे, आई. काही बिघडलं, तर आपली एक कॉपी असावी म्हणून...”

“मग गिट काय शोभेला ठेवलंय?”

कंपनी सासूबाईंची होती आणि गिट या प्रोग्रॅमवर त्यांचा भारी जीव. प्रत्येक बदलाची नोंद गिट ठेवतं, एकदा कमिट केलं, म्हणजे काम त्यात नोंदवलं, की काही म्हणता काही हरवत नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. नव्या माणसाकडून ॲड, कमिट, पुल, मर्ज या कमांड पाढ्यांसारख्या घोकून घेत. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण इथे तो ग्रहच सासूभोवती फिरत होता. त्याची नोकरी अजून कच्ची होती. आज त्याचं काम बाकीच्यांच्या कामात नीट मिसळलं तर पक्की होणार होती. नाही तर इथे सासूला आणि घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं, या काळजीने त्याला सकाळी चहासुद्धा गेला नव्हता.

“चालू फोल्डर सोडून पुसून टाका सगळे,” सासूबाई म्हणाल्या. “गिट असताना कॉप्या काढायच्या म्हणजे दाराला कुलूप लावून वर उंबऱ्यावर झोपायचं.”

त्याने पुसले. त्यांच्या देखत डिलीट केलेल्या फायलींची टोपलीही रिकामी केली. बोलायची काय बिशाद!

मग त्याने कमिट केलं. पुल करून बाकीच्यांचं काम ओढून घेतलं. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. त्याने आणि सासूबाईंनी एकाच पानावरच्या त्याच ओळी बदलल्या होत्या आणि कुणाच्या ओळी ठेवायच्या ते गिटला ठरवता येईना.

“एवढंच ना? सरका.”

सासूबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. काही ओळी ठेवल्या, काही उडवल्या. बोटं कशी सरसर चालत होती. मग त्यांनी एक कमांड लिहिली, एंटरवर बोट नेलं आणि ते तिथेच थबकलं. कमांड खोडली. पुन्हा लिहिली. चष्मा काढून पदराने पुसला. संपलं, आपण काहीतरी घोळ घातलाय आणि आता घरी बसायचं, अशी जावयाची खात्रीच पटली.

सासूबाईंनी काचेपलीकडे पाहिलं. शेजारच्या खोलीत त्यांची लेक, म्हणजे याची बायको, नव्या लोकांना गिट शिकवत होती.

“दार लावून घे रे,” त्या हळूच म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. एवढ्या धास्तीतही त्याला बरं वाटलं. त्याने दार लावलं.

“तिला बोलू नकोस,” सासूबाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या, “पण आधी या फोल्डरची एक कॉपी काढ.”