गोष्टीतली शहाणी मुलगी

वाचनालयाच्या हॉलमध्ये सुमेधाआत्या आपली नवी कथा वाचत होती. पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेली शाल्मली कौतुकाने ऐकत होती. कथेतल्या मुलीचे बाबा अपघातात गेले होते आणि ती त्यांचं हेल्मेट घालून कपाटात बसायची.

शाल्मली स्वतः तशीच बसायची. हे तिने फक्त आत्याला सांगितलं होतं, तेही गळ्याची शपथ घालून. आईने चमकून तिच्याकडे पाहिलं.

आत्या वाचतच राहिली. शेवटी त्या मुलीने हेल्मेट उतरवलं, आभाळातल्या चांदणीला हात केला आणि ती गोड हसली. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवू लागले.

नंतर आत्याने तिला जवळ ओढलं. "आवडली ना गं? तुझीच गोष्ट आहे."

"माझी नाहीये. मी हेल्मेटमध्ये तोंड घालून बाबांना शिव्या द्यायचे. ते हेल्मेट घरी ठेवून गेलेच का म्हणून. हेही सांगितलं होतं मी तुला."

आत्या गडबडली. "अगं, असलं लोकांना वाचवत नाही. लहान मुलीच्या तोंडी बरं दिसतं का ते?"

शाल्मली हात सोडवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. आई मागोमाग आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"मलासुद्धा फार राग येतो गं तुझ्या बाबांचा," आई हळूच म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

काल आईने असं विचारलं असतं, तर शाल्मलीने सगळं सांगून टाकलं असतं. आता तिने ओठ घट्ट मिटून घेतले.