तळ्यातल्या जळवा

ओमप्रकाशच्या शेततळ्यात कोणीतरी जळवा आणून सोडल्या. म्हशी पाण्यात उतरेनात, शेवटी विकाव्या लागल्या. दर्यापूरच्या चहाच्या टपरीवर तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले ते शेताच्या धुऱ्यापलीकडचे शेजारी खुशालराव. "मले काहून विचारता बे? आभायातून पडल्या असतील!" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

यंदा खुशालरावांच्या पायाची जखम काही केल्या भरेना. पाय कापायची भाषा सुरू झाली, तेव्हा पोरांनी अमरावतीच्या आयुर्वेदिक दवाखान्यात आणून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जळवा लावून बघू. साचलेलं रक्त ओढून घेतात त्या. आमचा नेहमीचा माणूस आणतोच आहे."

बरणी घेऊन आत आला तो ओमप्रकाश. म्हशी गेल्यापासून तो जळवाच विकत होता.

खुशालराव खाटेवर ताडकन उठून बसले. "याच्या जळवा माह्या पायाले नाई लावाच्या! पाय तुटला तं तुटला!"

ओमप्रकाशनं शांतपणे बरणीचं झाकण उघडलं.



"लावा मॅडम, बिनधास्त लावा. त्यायच्याच हायेत. म्या तं निस्त्या पोसल्या."