लाल रेघेखालचा ठिपका

"पुन्हा लाल रेघेच्या खालीच!" मृण्मयीने मोबाइल गादीवर टाकला. आठ महिन्यांच्या लेकीचं वजन टाकलं की एक वेबसाइट वाढीचा आलेख काढून दाखवायची; लाल रेघेच्या खाली म्हणजे वजन कमी. महिनाभर मृण्मयी तो बोटांनी ताणून ताणून बघत होती, पण ठिपका काही वर येत नव्हता. त्यापायी लेकीला झोपेतून उठवून नाचणीसत्त्व भरवणं चाललं होतं. आताशा चमचा दिसला, की पोर तोंडच फिरवायची.

"बघू गं," म्हणत सासूबाईंनी चष्मा चढवला.

"आई, त्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल कळत. पण इथं वर 'मुलगा' का लिहिलंय?"

मृण्मयीने मोबाइल जवळजवळ हिसकावलाच. वेबसाइटने आपणहून निवडलेला तो पर्याय तिने कधी बदललाच नव्हता. तिने 'मुलगी'वर बोट ठेवलं. सगळ्या रेघा खाली उतरल्या आणि तोच ठिपका लाल रेघेच्या वर दिसू लागला.

"एवढी शिकलीस, आणि पोरीला पोरांच्या रांगेत उभं केलंस होय!"

मृण्मयीला धड हसूही येईना.

"बरं, सत्त्व शिजवू का? वेळ झाली तिची."

"नको आई, झोपू दे," म्हणत तिने लेकीशेजारीच अंग टाकलं.