चाळीस कोटी वेळा

“दहा महिने झाले, या बयेला एका दिवसाची सुटी नको!” तंत्रज्ञ बाई पुटपुटल्या. बया म्हणजे बटणाएवढी कृत्रिम हृदयझडप. तक्रारी आल्या म्हणून सरकारी तपासणी कार्यालयानं ती खाऱ्या पाण्याच्या नळीत बसवली होती. चाळीस कोटी वेळा उघडमीट झाली, तरच पास; छातीतली दहा वर्षांची धडधड इथं यंत्र भरभर करून घेत होतं. कामं सोडून बाई तिच्याकडे तोंडात बोट घालून बघत राहायच्या. एवढासा जीव, पण दमणं ठाऊक नाही! आज अडतीस कोटींवर झडपेच्या पाकळीला केसाएवढी चीर दिसली, तरी ती चालूच होती. मोठ्या मॅडमच्या छातीत नऊ वर्षं याच बनावटीची झडप होती. सगळ्यांना माहीत, पण बोलणार कोण? चीर बघून मॅडमनी भिंग खाली ठेवलं. “नापास लिहा.” बाईंचं पेन हलेना. “अहो, लिहा! ज्यांच्या छातीत ही आहे, त्यांना आजच कळायला हवं. माझ्याही आहे. मला आत्ताच कळलं.”